शंभर अँपिअर

पिकअप आमच्या लग्नाहून दोन वर्षांनी लहान.
तिला कायम उतारावर लावायची,
मराठी शाळेच्या भिंतीला पाठ, नाक खाली गावाकडे,
पुढच्या चाकाखाली दगड.
दगडही घरचाच, पाटा फुटला तेव्हाचा अर्धा.

पहाटे साडेतीनला उखर्डू आत बसायचा,
हीटरचा पिवळा दिवा विझेस्तोवर मोजायचा,
एकवीस, बावीस,
किल्ली फिरवायचा.
बोनेटखालून आवाज यायचा
खाटेवरून उठू पाहणाऱ्या म्हाताऱ्याचा,
उठणं मात्र व्हायचं नाही.
मग खिडकीतून हात बाहेर. मग "हं".
मी दगड काढून, पदर खोचून
मागच्या फाळक्याला खांदा लावायची.
आमचं पहाटेचं बोलणं एवढंच.

या जानेवारीत एके दिवशी
उतार संपला, गाडी सुरू झाली नाही.
खाली गुरांच्या हौदाशी जाऊन थांबली,
मागे केळीचे घड, वर गोणपाट,
आणि सावद्याच्या स्टेशनात वॅगन सहाला बंद होणार.
त्या दिवशीचा माल दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं गेला.
भाडं विचारू नका.

रुबाब तडवीची पँट गुडघ्याखाली चाळणी झालेली,
सगळी भोकं अॅसिडची.
बायकोनं ठिगळं लावणं सोडलं, म्हणाला.
त्यानं बुचं काढून आत टॉर्च मारला.
"पाहा वहिनी, पाण्याचा चहा झालाय."
पासष्टची होती ती. शंभरची घ्या.

शंभरची जागेवर बसेना.
ट्रे कापला, अँगल वेल्ड केला,
वरून लोखंडी पट्टी, पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
वायरींच्या टोकांवरचा निळा-पांढरा खार
उकळतं पाणी ओतून मीच धुतला.
जुनी किलोवर गेली;
काट्यावर ठेवताना उखर्डूनं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं,
इतक्या हळू त्यानं पोरंसुद्धा उचलली नाहीत.
नवीचे पैसे माझे, भिशीतले.
हे इथं लिहून ठेवते.

किल्ली.
टक्.
नुसतंच टक्.
उखर्डू माझ्याकडे बघायला लागला,
जणू शंभरच्या शंभर अँपिअर मीच पिऊन बसले होते.

रुबाब पोतं अंथरून गाडीखाली शिरला.
बराच वेळ बाहेर फक्त त्याचे पाय.
मग खालून आवाज आला,
"भाऊ, बॅटरीचं काही नही.
अर्थ लागत नही."

मी हसले. एकटीच.

इंजिनपासून चेसीपर्यंत एक तांब्याची वेणी असते,
मला ठाऊकच नव्हती.
हिरवी पडलेली, तीन तारांवर लोंबलेली.
इतकी वर्षं ताकद निघायची म्हणे,
पण आलेल्या वाटेनं तिला परतता येत नव्हतं.
नवी वेणी एकशे वीस रुपयांची.
तीही भिशीतूनच.

दुसऱ्या दिवशी साडेतीन.
सातपुड्यावरून उतरलेला गारठा, केळीची पानं ओली.
गाडी उतारावरच लावलेली,
कुणी तसं ठरवलं नव्हतं.
एकवीस, बावीस.
मी दगड काढला, पदर खोचला,
फाळक्याला खांदा टेकवते न टेकवते
तोच धूर नाकात गेला
आणि खांद्याखालून गाडी निघून गेली.
पडता पडता राहिले.

गल्लीच्या टोकाला दोन लाल दिवे थांबले.
हॉर्न नाही, "हं" नाही.
खिडकीतून मान बाहेर आली.
"बस नं पुढे."

पुढच्या सीटवर टॉवेल, पावतीपुस्तक, तंबाखूची पुडी.
सगळं उचलून त्यानं डॅशबोर्डवर टाकलं.
मी चढले, दार दोनदा आपटावं लागलं.
गाव मागे पडेस्तोवर दोघं गप्प.
सावद्याचा फाटा आला तेव्हा तो म्हणाला,
"दगड काहून आणला?"

खाली पाहिलं.
माझ्या मांडीवर होता, दोन्ही हातांत धरलेला.